शेततळ्यात ‘बनवलेला विषाणू’ ओतण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: २० गुंठ्यांच्या, प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात रोहू, कटला आणि पंगास आहेत. आठवड्याभरापासून पोटावर लाल चट्टे, झडलेली शेपूट, फुगलेले पोट अशी लक्षणे असलेले मासे काठाला लागतात आणि रोज दहा-पंधरा मरतात. एक विक्रेता लिटरभराची बाटली घेऊन आला. तिच्यात ‘रोगजंतू खाणारा, प्रयोगशाळेत बनवलेला विषाणू’ आहे, अख्खी बाटली तळ्यात ओता, असे तो सांगतो. ओतावी का? किती ओतावी? आणि ते मासे खाणाऱ्याला काही अपाय होईल का?

आधी हिशेब करू, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. २० गुंठे म्हणजे साधारण २००० चौरस मीटर. सरासरी खोली दीड मीटर धरली तर पाणी ३००० घनमीटर, म्हणजे ३० लाख लिटर. बाटलीत फेज म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू असतील, आणि माल खरोखर उत्तम असेल, तर दर मिलीलिटरला १००० कोटी कण असतील. लिटरभर माल ३० लाख लिटरमध्ये गेला की मिलीलिटरला उरतात सुमारे ३३००. आकडा मोठा वाटतो, पण फेजला पोहता येत नाही. पाण्यात हेलकावे खात तो योगायोगाने जिवाणूला धडकतो. ही धडक किती वेळाने होईल ते मोजता येते. चिकटण्याचा नेहमीचा वेग धरला तर मिलीलिटरला ३३०० कण असताना एका जिवाणूला फेज भेटायला सरासरी दोनशे दिवस लागतात. मिलीलिटरला १० लाख कण असतील तर सोळा-सतरा तास आणि १० कोटी असतील तर दहा मिनिटे. तुमच्या तळ्यात १० लाखांची पातळी गाठायची तर असा घट्ट माल ३०० लिटर लागेल. तेव्हा ही बाटली तळ्यात ओतू नका. तिच्यात काहीही असो, ती पाण्यात विरून जाईल.

‘पण विषाणू वाढतो ना, थोडा टाकला तरी आपोआप पसरेल,’ असे विक्रेता सांगेल. फेज वाढतो हे खरे, पण फक्त आपल्या जिवाणूच्या आत. जिवाणूंची दाटी मिलीलिटरला साधारण दहा हजारांच्या खाली असेल, तर नवे फेज तयार होण्यापेक्षा जुने नष्ट होण्याचा वेग जास्त राहतो. तळ्याच्या मोकळ्या पाण्यात एका विशिष्ट रोगकारक जिवाणूची इतकी दाटी सहसा नसते. ती असते आजारी माशाच्या मूत्रपिंडात, जखमेत, आतड्यात. म्हणून फेज पाण्यात न घालता माशात पोहोचवावा लागतो.

आता रोग कोणता ते पाहू. सांगितलेली लक्षणे एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूच्या रक्तदोषाची, म्हणजे रक्तात पसरलेल्या संसर्गाची वाटतात: पराच्या मुळाशी आणि पोटाखाली रक्ताळलेले चट्टे, शेपूट झडणे, पोटात पाणी, कधी डोळे बाहेर येणे. पण नुसत्या डोळ्यांनी पाहून फेज निवडता येत नाही. पंगासमध्ये एडवर्डसिएला हा दुसरा जिवाणूही असेच फुगलेले पोट देतो. थंडीच्या दिवसांत अंगावर खोल व्रण पडत असतील तर तो अ‍ॅफॅनोमायसिस या बुरशीसदृश जीवाचा रोग असू शकतो. तिलापियाला तो सहसा होत नाही, आपल्या भारतीय कार्पना होतो. त्यावर कुठलाही फेज काम करणार नाही, कारण फेज फक्त जिवाणूलाच मारतो. कोळंबीचा पांढरा ठिपका किंवा तिलापियाचा लेक व्हायरस हे विषाणूजन्य रोग आहेत, तिथेही फेज निरुपयोगी. आणि रोहू-कटल्याच्या अंगावर माशांची ऊ, म्हणजे अर्ग्युलस, चिकटलेली असेल तर तिने पाडलेल्या भोकांतूनच एरोमोनास आत शिरतो. ऊ तशीच राहिली तर आज मारलेला जिवाणू उद्या पुन्हा हजर.

निदानासाठी मेलेले मासे नेऊ नका. मेल्यावर तासाभरात पाण्यातले इतर जिवाणू आत शिरतात आणि तेच वाढतात. मरणपंथाला लागलेले, अजून कल्ले हलवणारे चार-पाच मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत जिवंत न्या. ते शक्य नसेल तर पिशवीत घालून बर्फात ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका. प्रयोगशाळेत मूत्रपिंडातून निर्जंतुक सुईने नमुना घेऊन टीएसए आणि रिमलर-शॉट्स या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमांवर रेघाटतात. २८ अंशांवर दुसऱ्या दिवशी वसाहती दिसतात. एरोमोनास रिमलर-शॉट्सवर पिवळा येतो, ऑक्सिडेज चाचणीत सकारात्मक असतो आणि ओ/१२९ या औषधाच्या चकतीला दाद देत नाही. या शेवटच्या खुणेने तो व्हिब्रिओ या दुसऱ्या जिवाणूपासून वेगळा ओळखला जातो. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, शिवाय राज्यातल्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयांतही विचारता येईल. नमुना नेण्याआधी फोन करून दिवस ठरवा. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलेला मासा सोमवारी काही सांगत नाही.

जिवाणू हाती आला की खरी परीक्षा. त्या जिवाणूचा थर मऊ अगरवर पसरून वर फेजचे ५ ते १० मायक्रोलिटरचे थेंब ठेवतात. दुसऱ्या दिवशी थेंबाखाली काचेसारखे स्वच्छ वर्तुळ दिसले तर फेज लागू पडतो. धुरकट वर्तुळ दिसले तर सावध व्हावे, तो बहुधा जिवाणूच्या गुणसूत्रात जाऊन झोपणारा प्रकार असतो. स्वच्छ वर्तुळालाही फसू नये. घट्ट थेंबात इतके कण एकदम चिकटतात की जिवाणू बाहेरूनच फुटतो, पण आत फेज वाढत नाही. म्हणून थेंब दहा-दहापट पातळ करत नेऊन सुटी सुटी वर्तुळे पडतात का ते पाहायचे आणि ती संख्या फेजच्या मूळ जिवाणूवर पडणाऱ्या वर्तुळांशी ताडायची. हे प्रमाण निम्म्याच्या वर असेल तर चांगले, हजारात एक असेल तर तो फेज तुमच्या तळ्यासाठी नाही. एरोमोनासमध्ये वाणांचे इतके प्रकार आहेत की शेजारच्या तळ्यात गुण आलेली बाटली तुमच्याकडे सपशेल पडू शकते. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: माझ्या तळ्यातल्या जिवाणूवर लावून दाखवाल का?

‘बनवलेला’ या शब्दाकडे वळू. बाजारात किंवा शेतात पोहोचलेले जवळजवळ सगळे फेज निसर्गातून, म्हणजे सांडपाण्यातून, नदीतून, आजारी माशाच्या तळ्यातून गाळून घेतलेले असतात. नॉर्वेच्या सॅमन हॅचरींत यर्सिनिया रुकेरी या जिवाणूविरुद्ध पाण्यात घालण्याचे जे फेजद्रावण वापरले जाते, तेही निवडलेल्या नैसर्गिक फेजचे मिश्रण आहे. प्रयोगशाळेत फेज वाढवणे वेगळे आणि त्याचे जनुक बदलणे वेगळे. विक्रेते दोन्हींना ‘बनवलेला’ म्हणतात.

जनुक बदलून काय साधते? एक, झोपणारा फेज मारक करता येतो. त्याला झोपवणारे जनुक काढून टाकले की तो जिवाणूत शिरल्यावर फोडूनच बाहेर पडतो. लंडनमध्ये एका किशोरवयीन मुलीवर तीन फेजचे मिश्रण वापरल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातले दोन असे बदललेले होते. तिच्या जिवाणूवर चालणारे नैसर्गिक मारक फेज पुरेसे मिळत नव्हते, म्हणून हा खटाटोप करावा लागला. दोन, शेपटीचे तंतू बदलून फेजला दुसऱ्या जिवाणूकडे वळवता येते. एमआयटीतल्या एका गटाने २०१५ मध्ये ई. कोलायचे फेज अशा रीतीने यर्सिनिया आणि क्लेबसिएलावर वळवले. तीन, जिवाणूंचा चिकट थर विरघळवणारे विकर फेजच्या पाठीवर लादता येते. टाक्यांच्या भिंती आणि पाइपांतला चिकटा हीच जिवाणूंची कायमची वस्ती असल्याने बंदिस्त संवर्धनात हे कधीतरी फार उपयोगी पडेल. चार, फेजमध्ये चकाकणारे जनुक बसवले तर तो निदानाचे साधन होतो: नमुन्यात टाका, उजेड दिसला तर तो जिवाणू आहे. माझ्या मते मत्स्यपालनात सर्वांत आधी हेच रुळावे, कारण यात काहीही तळ्यात सोडावे लागत नाही.

एरोमोनाससाठी मात्र आज जनुकबदलाची निकड दिसत नाही. त्याचे मारक फेज कुठल्याही मैल्या पाण्यात सापडतात. जुना निकामी झाला तर नवा शोधणे हे जुन्याची शेपटी बदलत बसण्यापेक्षा स्वस्त आणि लवकर होते. शिवाय कायदा आहेच. जनुक बदललेला, स्वतःहून वाढणारा जीव मोकळ्या पाण्यात सोडणे हे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांत येते आणि त्याला जीईएसी या केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीपर्यंतची परवानगी लागते. शेततळ्याचे पाणी ओढ्याला, कालव्याला मिळते. विक्रेता खरोखर जनुक बदललेला विषाणू विकत असेल तर परवानगीचा कागद मागा. कागद नसेल, तर एकतर बाटलीवरचा दावा खोटा आहे किंवा विक्री बेकायदा.

अशाच एका गोंधळाचा उल्लेख करतो, कारण ‘माशांसाठी बनवलेला विषाणू’ म्हणून तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली फेज. दुसरी, माशाच्याच रोगाचा विषाणू दुबळा करून केलेली जिवंत लस. इस्रायलमध्ये कोई हर्पिसविरुद्ध अशी लस वापरात आली आणि बेल्जियमच्या लिएज विद्यापीठातल्या गटाने त्या विषाणूची दोन जनुके काढून पाण्यात बुडवून देता येईल असा दुबळा वाण २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. तिसरी डीएनए लस. कॅनडात २००५ मध्ये सॅमनच्या आयएचएन रोगासाठी आणि युरोपात २०१७ मध्ये पॅनक्रियाज रोगासाठी ज्या मंजूर झाल्या, त्यांत विषाणू नाहीच, फक्त त्याच्या एका भागाची डीएनए-चकती आहे. कोकणात जिताडा वाढवणाऱ्यांना नोडाव्हायरसविरुद्धची भारतीय लस ऐकून माहीत असेल. चेन्नईच्या सीबा संस्थेची ती लस म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेले विषाणूचे प्रथिन आहे. तीही टोचायची असते, पाण्यात ओतायची नसते.

आता फेज वापरायचाच असेल तर कसा. जागा निवडायला तिथे पाणी कमी आणि मासे जास्त हवेत. हॅचरीतली २००० लिटरची टाकी घ्या: मिलीलिटरला १० लाखांची पातळी गाठायला १००० कोटींचा माल फक्त २०० मिलीलिटर लागतो. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या चमूने टायगर कोळंबीच्या हॅचरीत चमकणाऱ्या व्हिब्रिओ हार्वेईवर याच पातळीचे फेज वापरून पाहिले. फेजच्या टाक्यांत सुमारे ८५ टक्के पिल्ले जगली, प्रतिजैविकांच्या टाक्यांत त्याच्या निम्म्याहून कमी. मत्स्यजिरे आणि बोटुकलीच्या टाक्यांत हा खर्च परवडतो, २० गुंठ्यांच्या तळ्यात नाही.

मोठ्या माशांना खाद्यातून द्यावा. एक किलो तयार गोळी खाद्यावर १००० कोटींचे २० मिलीलिटर द्रावण बारीक फवाऱ्याने उलटसुलट करत मारायचे. म्हणजे ग्रॅमला सुमारे २० कोटी कण बसतात. सावलीत वीस-पंचवीस मिनिटे सुकवून वर किलोला १० ते २० मिलीलिटर माशाचे किंवा वनस्पती तेल चोळायचे, नाहीतर पाण्यात पडताच अर्धा फेज धुऊन जातो. खाद्य पूर्ण गार असावे. कारखान्यात गोळी दाबताना कच्च्या मालात मिसळलेला फेज त्या उष्णतेतच मरतो, त्यामुळे ‘फेजयुक्त पेलेट’ विकणाऱ्याला फेज कुठल्या टप्प्यावर घातला ते विचारा. जेवढे त्या दिवशी घालायचे तेवढेच तयार करायचे, सलग ७ ते १० दिवस.

इथे माशामाशात फरक पडतो आणि तो फारसा कुणी सांगत नाही. रोहू, कटला, मृगळ यांना खरे जठर नसते. आम्ल नसल्यामुळे तोंडातून गेलेला फेज आतड्यापर्यंत जिवंत पोहोचतो. पंगासला जठर आहे आणि तिलापियाच्या जठरात सामू २ च्याही खाली उतरतो. सामू ३ च्या खाली गेला की बहुतेक फेज मिनिटांत मरतात. तिथे अल्जिनेटच्या मण्यांत बंद केलेला फेज लागतो. साधा फवारा पंगासवर चालला नाही तर दोष फेजचा असेलच असे नाही. दुसरी अडचण कटल्याची: तो वरच्या थरातले प्लवंग खातो, गोळीकडे कमी वळतो. तळ्यात एकच खाद्य टाकले तरी मात्रा प्रत्येक जातीला सारखी मिळत नाही.

आणि सर्वांत मोठी अडचण अशी की आजारी मासा खात नाही. म्हणजे खाद्यातून दिलेला फेज आजाऱ्यांना बरा करत नाही, अजून खाणाऱ्यांना वाचवतो. जपानमध्ये अयू माशांच्या तळ्यात स्यूडोमोनास प्लेकोग्लॉसिसिडावर फेज खाद्यातून दिला तेव्हा मरतुक एकदम थांबली नाही. ती रोज थोडीथोडी उतरत गेली आणि दोन आठवड्यांनी एक तृतीयांशावर आली. तुमच्याकडेही एवढीच अपेक्षा ठेवा. रोजची मरतूक वहीत लिहा. पाचव्या दिवशी उतार नसेल तर फेज बदलायचा किंवा निदान पुन्हा तपासायचे.

चुका बहुधा याच होतात. आदल्या दिवशी तळ्यात पोटॅशियम परमँगनेट, ब्लिचिंग पावडर किंवा फॉर्मेलिन टाकलेले असते. ते जिवाणूआधी फेजला मारते. टाकीत क्लोरीन असेल तर सोडियम थायोसल्फेटने मारून घ्या, एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम, आणि चाचणीपट्टीने खात्री करा. कळीच्या चुन्याने सामू भडकलेला असेल तर तो उतरू द्या. फिरत्या पाण्याच्या यंत्रणेत यूव्ही दिवा काही तास बंद ठेवावा लागतो, हे लोक विसरतात. टाकीत घालणे सूर्यास्तानंतर, कारण ऊन फेजचा शत्रू आहे. बाटली ४ अंशांवर ठेवा, पण फ्रीजरमध्ये नाही. अगदी मृदू पाण्यात बऱ्याच फेजना चिकटायला लागणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडते. आणि प्रतिजैविक चालू असताना फेज दिला तर कशाने काय झाले ते कधीच कळत नाही.

प्रतिकार येतो, आणि तो लवकर येतो. दर दहा लाख ते दहा कोटी जिवाणूंमागे एक आधीच फेजला दाद न देणारा असतो. म्हणून एक फेज कधीच वापरू नये. जिवाणूच्या वेगवेगळ्या भागांना धरणाऱ्या तीन-चार फेजचे मिश्रण हवे, जसे एक बाहेरच्या साखरसाखळीला, एक आवरणातल्या प्रथिनाला धरणारा. यात एक जमेची बाजू आहे. फेज ज्या भागाला धरतो तो टाकून देणारा जिवाणू बहुधा रोग पसरवण्याचे साधनही गमावतो. जपानच्या अयू प्रयोगात प्रतिकार कमावलेले जिवाणू दुबळे निघाले. फिनलंडमध्ये फ्लाव्होबॅक्टेरियम कॉलम्नारेवरही तेच दिसले. पण हा नियम समजू नका. इंग्लंडमध्ये सॅमनच्या फ्युरुनक्युलोसिस या जिवाणूजन्य रोगावर फेज काचेच्या बशीत उत्तम चालला, माशात मात्र मरतूक थांबली नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास फेज विकणारे सहसा दाखवत नाहीत.

मिश्रणात झोपणारा फेज शिरता कामा नये, त्याचे कारणही ठोस आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हीएचएमएल नावाच्या फेजने निरुपद्रवी व्हिब्रिओ हार्वेईला रोगकारक बनवलेले आढळले आहे. म्हणून प्रत्येक फेजचा जनुकक्रम वाचून त्यात इंटिग्रेजचे (म्हणजे जिवाणूच्या गुणसूत्रात शिरायला लागणाऱ्या विकराचे), विषाचे किंवा प्रतिजैविक-प्रतिकाराचे जनुक नाही याचा अहवाल विक्रेत्याकडे असला पाहिजे. बाटलीवर मिलीलिटरला किती फेज, कोणत्या तारखेला मोजले आणि त्यात जिवंत जिवाणू नाहीत याची चाचणी, हेही हवे. फेज रोगकारक जिवाणूतच वाढवावा लागतो. नीट न गाळलेल्या मालात तो जिवाणू आणि त्याचे विष शिल्लक राहते. हा माल शेतावर ड्रममध्ये ‘वाढवून’ घेण्याचा सल्ला कुणी दिला तर तो उडवून लावा, कारण तुम्ही ड्रमभर एरोमोनास वाढवाल.

उपचारापेक्षा प्रतिबंधात फेजचा पगार चांगला वसूल होतो. ट्राउटवरच्या प्रयोगांत फेज माशाच्या अंगावरच्या चिकट थरात आठवडाभर टिकून राहिला आणि नंतर आलेल्या जिवाणूला त्याने अडवले. त्यामुळे बोटुकली तळ्यात सोडण्याआधी वाहतुकीच्या टाकीत अर्धा-एक तास फेजमध्ये ठेवणे हा कमी खर्चाचा उपयोग आहे. जाळे मारून, हाताळून, खवले निघून त्यांना सगळ्यांत जास्त जखमा त्याच दिवशी होतात.

तुमच्या तळ्यात आज करायचे ते असे. पहाटे पाच वाजता विरघळलेला प्राणवायू मोजा. तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर रात्रीचा एरेटर आणि खाद्यात निम्मी कपात, हे कुठल्याही बाटलीआधी. मेलेले मासे दिवसातून दोनदा काढून तळ्यापासून दूर चुना टाकून पुरा, कारण एकेका प्रेतातून जिवाणू पाण्यात सुटत राहतात. माशांची ऊ आहे का ते पराच्या मुळाशी पाहा. तोवर नमुना प्रयोगशाळेत पोहोचलेला असू द्या.

राहिला खाणाऱ्याचा प्रश्न. जिवाणूला धरणारा फेज माणसाच्या पेशीत वाढू शकत नाही, आणि आपण रोज पाण्यातून, दह्यातून, भाजीतून फेज गिळतोच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये लिस्टेरियाविरुद्धचे फेज तयार मांसावर फवारायला मंजुरी दिली. त्यामुळे फेजसाठी मासे थांबवून ठेवण्याची गरज नाही. पण गेल्या आठवड्यात तुम्ही खाद्यातून एखादे प्रतिजैविक दिले असेल, तर त्याचा काढणीपूर्व थांबण्याचा काळ फेज दिल्याने कमी होत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान गटातले काही दिले असेल तर त्यांवर मत्स्यपालनात बंदीच आहे. तो माल बाजारात नेऊ नका.